सोमवारची पोस्ट

विभाने बेल दाबली आणि हातातली पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. पिशवीत काकड्या होत्या, लिंबं होती आणि काय न्यावं ते न सुचल्यामुळे घेतलेला बिस्किटांचा पुडा होता. लखनऊच्या महानगर भागातल्या या दारात ती कित्येक वर्षं रिकाम्या हातांनी येत होती आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज जानकीपुरमच्या घरून निघताना मात्र हातात काहीतरी असलेलं बरं, असं तिला वाटलं होतं.

"उघडंच आहे. ये विभा," आतून लीलावतीकाकूंचा आवाज आला.

"मीच आहे हे कसं कळलं?"

"तू बेल दाबून लगेच सोडतेस. इथले लोक धरूनच ठेवतात."

काकू नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. दिवाणावर साड्यांचे गठ्ठे होते, कपाटाची दोन्ही दारं उघडी होती आणि भिंतीवर काकांचा एअरफोर्सच्या गणवेशातला फोटो होता तिथे नुसता खिळा उरला होता. विभाच्या मनात लगेच एक वाक्य जुळायला लागलं. तिने ते झटकलं. स्वतःची इतकी शिसारी तिला आजवर आली नव्हती.

विभा लखनऊवर मराठीत ब्लॉग लिहायची. नवऱ्याच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे इथे आली, मराठी बोलायला माणूस मिळेना, तेव्हा लिहायला लागली. लिहिण्याची तिची रीत अशी की ऐकणाऱ्याचा धीर सुटावा. एक लेख ती चारदा मोडायची, चारदा जुळवायची. ज्या माणसाबद्दल लिहिलं असेल त्याला तो आधी वाचून दाखवायची, मग तो चारबाग स्टेशनवरचा कुली का असेना. त्याच्यासाठी ती ओळीओळीचं हिंदी करायची. आणि शेवटी रविवारी महानगरात येऊन काकूंना. काकू मान डावीकडे कलती करून ऐकायच्या. "हे तुझं नाही, कुठूनतरी आणलंयस," असं त्या म्हणायच्या आणि ते नेमकं तसंच असायचं. या सगळ्यात एका लेखाला महिना जायचा, कधी दोन.

मग कॉलेजात गेलेल्या देविकाने आईचा ब्लॉग ताब्यात घेतला.

"मम्मा, महीने में एक पोस्ट? यार, लोग भूल जाते हैं. हर मंडे डालो. छोटा डालो, पर डालो."

आणि लेकीचं म्हणणं खरं ठरलं, हीच पंचाईत झाली. वाचक वाढले. कोल्हापूरहून, नागपूरहून, कुठल्या कुठल्या छावण्यांमधून मराठी बायकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. विभाला ते आवडलं, खोटं कशाला बोला. पण सोमवार नावाचा प्राणी भारी खादाड. बुधवारपर्यंत तो गप्प असायचा आणि शुक्रवारपासून दाराशी येऊन बसायचा. लखनऊच्या दमट हवेत पापड कसे टिकवावेत, यावर तिने एकही पापड न टिकवता लेख लिहिला. त्याचं कौतुकही झालं. काकूंकडे जाणं सुटलं ते वेळ नव्हता म्हणून, असं ती घरी सांगायची. खरं तर ते पापड काकूंसमोर वाचायची तिची छाती नव्हती.

श्रावणातल्या संकष्टीला मात्र काकूंनी हक्काने जेवायला बोलावलं. मराठी मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक गेली वीसेक वर्षं काकूच करत आल्या होत्या. संकष्टीचे म्हणजे त्यांची रंगीत तालीम. विभा पोचली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. काकू अंधाऱ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मोदकांच्या कळ्या काढत होत्या. विभाने दिवा लावला. काकूंचे हात तसेच चालत राहिले, पापणीसुद्धा लवली नाही. मोदक एकासारखा एक होता.

त्यावर दोघी काही बोलल्या नाहीत. चंद्रोदय झाला, जेवणं झाली. आणि रविवारी संध्याकाळी, काहीच हाताशी नसताना, विभाने ते लिहून टाकलं. एकदाही मोडावं लागलं नाही. किती तरी आठवड्यांनी खरं काहीतरी लिहिलं गेलं होतं आणि त्या आनंदात तिने सोमवारी सकाळी पोस्ट टाकली. जाऊन वाचून दाखवावं, असं मनात आलं होतं. पण मग तो सोमवार चुकला असता.

इतकं कधीच काही वाचलं गेलं नव्हतं. गुरुवारी मंडळाच्या पद्मिनीचा ग्रुपवर निरोप आला: 'काकूंच्या डोळ्यांचं विभाच्या लेखातून कळलं. फार वाईट वाटलं. यंदा काकूंना अजिबात त्रास द्यायचा नाही. हलवाईला माव्याचे मोदक सांगितले आहेत.' खाली हात जोडलेल्यांची रांग. शुक्रवारी काकूंच्या इंद्रजितचा पुण्याहून फोन आला. त्याचा आवाज शांत होता, त्याचीच विभाला भीती वाटली. आईला आता एकटं ठेवता येणार नाही, गणपतीला येतोय तो तिला घेऊनच जाईन, असं तो म्हणाला. आणि शेवटी, "थँक्यू वहिनी, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्हाला कळलं तरी."

"काकू," विभा आता म्हणाली, "मी ती पोस्ट काढून टाकते."

"काढून कोणाच्या डोक्यातून काढणार?" काकूंचा आवाज चढला नाही. "मला वाचून दाखव. माझ्याबद्दलचं आहे आणि मीच ऐकलं नाही तुझ्या तोंडून."

विभाने फोन उघडला. पहिल्या दोन ओळी तिला धड वाचता येईनात. मग आवाज लागला. मिरजेहून येणारा तांदूळ, उकडीला लागणारं तेलाचं बोट, काकूंची नारळ खवायची पद्धत. काकूंनी मान कलती केली होती. लेखातल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरापाशी विभा आली, पुढची ओळ तिने नजरेने ओलांडली आणि कळ्यांच्या वर्णनावर गेली. शेवटपर्यंत वाचलं. फोन मांडीवर ठेवला.

"एक वाक्य गाळलंस," काकू म्हणाल्या.

विभाने मांडीवरच्या फोनवर हात ठेवला.

"इंद्रजितने फोनवर वाचलं मला. दोनदा. 'मी दिवा लावला. तो लागल्याचं काकूंना कळलंच नाही.'" काकूंनी ते पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. "कळलं होतं गं. कडेकडेचं दिसतं मला, मधलं गेलंय. म्हणून तर मान वाकडी करते. तुला वाटायचं मी लक्ष देऊन ऐकतेय."

विभाला रडू आलं. ते तिने आवरलं नाही.

"मी सांगायला हवं होतं तुम्हाला. आधी यायला हवं होतं. चुकलं माझं."

"वाक्य चांगलं आहे," काकू म्हणाल्या. "इतक्या दिवसांत तुझं असं एवढंच आलं असेल. पापडांचं पद्मिनीने वाचून दाखवलं होतं मला." त्या किंचित हसल्या आणि मग हसल्या नाहीत. "मी काढायलाही लावलं नसतं. नुसतं थांब म्हटलं असतं."

"कधीपर्यंत?"

"इंद्रजित गणपतीला येणारच होता. मंडळात सगळ्यांबरोबर बसून माझ्या हातचे मोदक खाल्ले असते त्याने, नेहमीसारखे दहा-बारा. पद्मिनीनेही खाल्ले असते. मग मी सांगणार होते, की बाबा रे, हे न बघता केलेत. तेव्हा मला कोण घेऊन जातं ते बघितलं असतं." त्यांनी पदराने खुर्चीचा हात पुसला, तिथे काहीही नव्हतं. "दोन सोमवार, विभा. दोन सोमवार थांब म्हटलं असतं."

बाहेर भाजीवाला भैया ओरडत गेला. काकूंनी सवयीने त्याचे भाव ऐकून घेतले. आता भाजी कशाला घ्यायची, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

विभाच्या मांडीवरचा फोन थरथरला. देविकाचा निरोप होता: 'मम्मा, कल मंडे है. क्या डालना है? लोग लीलावती आजी का पूछ रहे हैं, पार्ट टू कर दो ना.' विभाने फोन पालथा घातला.

"कोण गं?"

"देविका. उद्याचं विचारतेय."

"हं. मग काय लिहिलंयस उद्यासाठी?"

त्या स्वरात टोचणी असती तर विभाला सोसली असती. पण काकू रविवारच्या वेळी जसं विचारायच्या तसंच विचारत होत्या. विभाने साड्यांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. दारात आल्या आल्या जुळायला लागलेलं वाक्य अजून तिथेच होतं, आणि ते चांगलं होतं.

"काही नाही, काकू," ती म्हणाली.

काकूंना ते पटलं नसावं. मान डावीकडे कलती करून, हात मांडीवर घेऊन, त्या तिने वाचायला सुरुवात करायची वाट बघत राहिल्या.