त्रेसष्ट भाऊ

ज्या दिवशी गुणा गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी डाकबंगल्याचे कंदील पुसत होतो. बांबूच्या ट्रकचा ड्रायव्हर लच्छू फाटकातून आत आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. तो कधी टोपी काढत नसे. चांद्याच्या दवाखान्यात ती सकाळीच गेली, एवढंच त्याने सांगितलं. त्याच ट्रकने मी गेलो आणि माझ्या बायकोला घरी आणलं.

मी सिंदेवाहीकडच्या जंगलात डाकबंगल्याचा चौकीदार आहे. बंगल्यामागे आमचं मातीचं घर. सुतक फिटताना घराच्या सगळ्या भिंती पांढऱ्या मातीने पोतून काढायच्या, अशी आमची रीत. म्हणजे दहाव्या दिवशी गुणाने चितारलेली भिंतही पोतली जाणार होती. तिच्या हातचं दुसरं काही राहिलं नव्हतं. फोटो तर कधी काढलाच नव्हता.

ती भिंत एका पुस्तकामुळे झाली. छप्पन साली बांबू पाहायला आलेल्या एका साहेबाची मुलगी ते बंगल्यात विसरून गेली. पातळ, रंगीत, इंग्रजी. मी मराठी चौथी शिकलो, गुणा तेवढंही नाही. पण त्यात अक्षरं थोडी आणि चित्रंच फार. पानापानावर चौकटी, चौकटीत अंगाला चिकटलेले हिरवे कपडे घातलेला दांडगा माणूस, पाठीवर पिवळं फडकं. कुठे तो उडत होता, कुठे रेल्वेचा पूल खांद्यावर तोलून धरत होता. सगळ्यांच्या तोंडाजवळ पांढरे फुगे होते. थंडीचा मुलूख असेल, तोंडातून वाफ निघत असेल, असं गुणा म्हणाली. मला पटलं.

गुणा लग्नघरच्या भिंती चितारायची. आमच्याकडे लग्नाच्या भिंतीवर एक माणूस एकदाच काढतात. नवरदेव दोनदा चितारला तर घरात सवत येते म्हणतात. म्हणून तिने प्रत्येक चौकटीतला हिरवा माणूस वेगळा धरला आणि मोजले. त्रेसष्ट भरले.

"त्रेसष्ट भाऊ," ती म्हणाली. "एवढ्यायले जेवाले कोन घालते?"

आठ दिवसांनी दुपारी तिने मला हातातलं काम टाकून बोलावलं. एका चौकटीत एका भावाची बाही लोखंडाला अडकून फाटली होती. तिने बोट पुढच्या चौकटीवर ठेवलं. तिथेही बाही फाटलेली. त्याच्या पुढेही. शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांच्या बाह्या तिथेच फाटलेल्या.

"हे भाऊ नोहोत," ती हळू बोलली. "एकच हाये. वेळ पुढं चालली, मानूस तोच."

माझ्या अंगावर काटा आला. मी वाघ दहा हातांवरून पाहिला आहे, पण तेव्हा असं झालं नव्हतं. आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा पाहायला बसलो. मग तिने दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. अलीकडे तो जमिनीवर होता, पलीकडे छपरावर.

"याच्या मधात तो उडाला. हे कोनी काढलंच नाई. आपुनच उडवलं त्याले."

चुलीवरचा भात करपला. आम्ही तसाच खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात तिने आतल्या भिंतीवर चौकटी आखल्या. गेरू, काजळी, पिवळी माती. बंगल्यापर्यंत वणवा आला होता त्या वर्षाची गोष्ट तिने घेतली. पाठीवर ओलं पोतं टाकून डहाळीने आग झोडपणारा माणूस मी होतो. एका चौकटीत पोत्याचा कोपरा जळला, तर पुढच्या सगळ्या चौकटींत तो जळलेलाच. खरं तर त्या वणव्यात मी घाबरून नाल्यात लपलो होतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिने एका चौकटीत नुसते पाण्यातले माझे दोन पाय काढले. त्याच्या पुढे चौकटच नाही, खालपासून वरपर्यंत सगळी आग, आणि तिच्यासमोर मी उभा. मी नाल्यातून कसा उठलो ते तिने काढलं नाही.

एकोणीस चौकटी झाल्या. विसावी कोरी होती. तापात दवाखान्यात जायला ट्रकवर चढताना ती म्हणाली, "त्याच्यात तुमी घरी येता. वापस आली का काढीन."

दहाव्या दिवशी तिची धाकटी बहीण रुखमाबाई पांढऱ्या मातीची बादली घेऊन आली. मी त्या भिंतीपुढे उभा राहिलो. तिने मला बाजूला व्हायला सांगितलं. रीत मोडली तर सुतक घरातच राहते, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आधी एकदा पाहा. तिने बादली खाली ठेवली आणि बोट फिरवत पाहत गेली. नाल्यातल्या पायांपाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकली. आगीपाशी पोचल्यावर तिने डोक्यावर पदर घेतला, देवळात घेतात तसा. कोऱ्या चौकटीपाशी आल्यावर तिने विचारलं, "याच्यात काऊन काई नाई?"

मी सांगितलं.

तिने बाकीच्या तीन भिंती पोतल्या. चौथीला हात लावला नाही. जाताना गुणाची चितारायची काडी माझ्या हातात दिली. "हे पुरं होईन तवाच सुतक फिटन, भाऊजी. तुमीच काढा."

मी गेरू भिजवला. मी घरी येतो एवढं मला जमलं असतं, पोत्याचा जळका कोपरा आणि दोन पाय. पण दारात ती उभी असायला पाहिजे, आणि एकोणीस चौकटींत तिने स्वतःला एकदाही काढलं नव्हतं. बघून काढावं असं काहीच नव्हतं.

तीन महिने झाले. विसावी चौकट अजून काढायची राहिली आहे.