एका बाटलीचे अडतीस रुपये

मी बाटली बोलतेय. बाटली म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, म्हणून आधीच सांगते, मी पाण्याची. एक लिटरची, प्लॅस्टिकची. पाण्याची असले तरी माझ्यापायी एका बाईचं वाटोळं झालं. तेच सांगायला तोंड उघडलंय.

सुप्याच्या एमआयडीसीत माझा जन्म झाला. आधी बोटभर नळी होते. तापवून साच्यात घातलं, आत हवा फुंकली आणि एका दमात मी मोठी झाले. बालपण म्हणून काही नाहीच. लेबलावर छापलं होतं, 'रिकामी बाटली परत करा, दोन रुपये मिळवा.' ते दोन रुपये गिऱ्हाइकाकडून आधीच घेतलेले असतात, हे खाली बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षर कोण वाचतंय?

नगरमधल्या एका लग्नात पाहुण्यानं मला उघडलं, चार घोट घेतले आणि खुर्चीखाली ठेवून पंगतीला पळाला. दोन रुपयांसाठी वाकली ती सकीना. वीस वर्षं ती शहरात कचरा वेचते. "कुनाच्या दारातली चप्पलसुदिक हलवली न्हाई मी," असं ती सोबतीण छबूबाईला अभिमानानं सांगायची. खरंच होतं ते. म्हणून तर सोसायट्यांचे वॉचमन तिला न विचारता फाटक उघडायचे. तिनं माझ्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं, मला पदरानं पुसलं आणि गोणीत टाकलं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं.

बाटल्या परत घ्यायचं केंद्र एका चौकातल्या पत्र्याच्या खोलीत होतं. आत एक यंत्र. वेचणारीनं आपलं कार्ड लावायचं, बाटली आत सारायची; यंत्र ती मोजणार आणि चिरडणार. केंद्र चालवणारा श्रीमंत कार्डावरचा आकडा बघून रोख पैसे द्यायचा आणि तेवढेच पाण्याच्या कंपनीकडून मागून घ्यायचा. माणूस जिभेचा गोड. बायकांना स्वतःच्या पैशानं चहा पाजायचा.

कार्ड ओल्या कचऱ्यात भिजायचं, हरवायचं, आणि नवं करायला शंभर रुपये पडायचे. मग रेशनकार्ड दुकानदाराकडेच ठेवून द्यावं, तशी सगळ्याजणींनी आपली कार्डं श्रीमंतच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. "तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या, भाऊ," सकीना म्हणाली होती.

मी यंत्रात गेले आणि चिरडायची वाट पाहू लागले. पण श्रीमंतनं आतलं पातंच काढून ठेवलेलं! मी मागच्या दारातून धडधाकट बाहेर आले. सकीना पैसे घेऊन गेल्यावर त्यानं तिचं कार्ड पुन्हा लावलं आणि मला पुन्हा पुढून सारलं. आधी मला वाटलं, वाचले, नशीब थोर. पण असं करत मी एकूण एकोणीस वेळा यंत्रातून गेले. दोन रुपयांच्या माझे अडतीस झाले, त्यातले सकीनाला मिळाले दोनच. माझ्यासारख्या हजारो जणी होतो. मला स्वतःची किळस आली.

तीन महिन्यांत शहरात विकल्या त्याहून जास्त बाटल्या परत आल्या. कंपनीचा पैसा आटला. श्रीमंतनं रोख देणं थांबवलं, बायकांचे तीन आठवड्यांचे पैसे अडकले आणि कंपनीच्या एक मॅडम केंद्रावर तपासणीला आल्या. त्यांच्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा सकीनाचा होता.

"नऊ तारखेला तुमच्या कार्डावर दोन हजार तीनशे बाटल्या दिसतात."

"नऊला मी पाथर्डीला हुते, मॅडम. भावाच्या मयतीला."

"मग कार्ड कुणाकडे होतं?"

सकीनानं श्रीमंतकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "चाची, तुमचं कार्ड मी कशाला ठेवीन?" भिंतीवर आता खिळा नव्हता, नुसतं भोक होतं.

सकीना छबूबाईकडे वळली. "तू तरी सांग गं. तुझंबी कार्ड हितंच असायचं."

छबूबाईचे साडेअकराशे अडकले होते आणि ते श्रीमंतच्याच हातून यायचे होते. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई, बाई."

सकीनाचं नाव यादीतून काढलं. तपासणीआधीच श्रीमंतनं पातं परत बसवून बाकीच्या बाटल्या पोत्यांत भरून नेल्या होत्या. मी तेवढी यंत्राखाली घरंगळले होते. आठवड्याभरात कंपनीनं योजनाच गुंडाळली. श्रीमंत गाव सोडून गेला, छबूबाईचे साडेअकराशेही गेले. वॉचमन सकीनाला फाटकावरूनच हाकलू लागले.

मग एक दिवस बंद केंद्राच्या पायरीवर बायका जमल्या होत्या; दाराच्या फटीतून मला दिसत होत्या. सकीना आली. तिचे कान मोकळे होते. बाळ्या मोडल्या होत्या तिनं. छबूबाईच्या हातात तिनं साडेअकराशे ठेवले. "माझ्या नावावर तुझं बुडालं. मला झोप न्हाई लागत. घे."

छबूबाईनं घेतले. सकीना वळून चालू लागली, तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "चोर नसती तर कशाला फेडलं असतं?"

छबूबाईनं पैसे कमरेला खोचले.

मी अजून त्या यंत्राखाली धुळीत पडून आहे. माझी साक्ष घ्यायला कुणी येणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. सकीनानं मला एकदाच आणलं होतं. एकदाच.