पुतळाबाईचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. हॅलो, वन-टू-थ्री वगैरे करून तुमचा वेळ खात नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोललो, आज माझं ऐका.

१९७४ साली पुतळाबाईनं मला विकत घेतलं. वाशीचा खाडीपूल नुकताच झाला होता, ट्रक धडाधड सुटले होते आणि रस्त्याकडेला बाईचं घर होतं. कसलं घर, हे ड्रायव्हर लोकांना सांगावं लागत नसे. छपरावरून मी सिनेमाची गाणी म्हणायचो आणि खाली ब्रेक लागायचे. पंचक्रोशीत बाईचा विषय निघाला की भली माणसं कानांवर हात ठेवत. आणि संधी मिळताच तेच कान घेऊन आमच्या दारात येत!

एक गोष्ट मात्र मला गमतीत सांगता येत नाही. कामाला लावते म्हणून बाईनं देशावरून पंचविशीतली एक विधवा आणली आणि तिचं नाव मोना ठेवलं. तिचं रडणं रस्त्यावर जाऊ नये म्हणून माझा आवाज वाढवला गेला. मीही मुकाट ओरडलो. त्याची मला अजून लाज वाटते.

एक्क्याऐंशी साली रस्ता रुंद झाला आणि घर पडलं. बाकीच्या बाया पांगल्या. पुतळाबाईनं वाशीत फ्लॅट घेतला. मोना स्वयंपाकघरात गेली, मी माळ्यावर.

दोन वर्षांनी भर उन्हाळ्यात सोसायट्यांचे नळ कोरडे पडले. साहेबलोक अर्ज लिहीत बसले. बाईनं मला रिक्षावर बांधलं आणि थेट पाण्याच्या ऑफिससमोर उभी राहिली.

"ए साहेब, खाली ये! बाया घागरी घेऊन उन्हात हाइत, नि तू पंख्याखाली? आमचं पानी कुठं हाय?"

तिसऱ्या दिवशी पाणी आलं, चौथ्या दिवशी पेपरात फोटो. पुतळाबाईची पुतळाताई झाली. मग दुकानाची फीत कापायला ताई, बालवाडीचं बक्षीस द्यायला ताई, गणपतीच्या आरतीला ताई. जुनं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर कोणी विचारत नव्हतं.

मग शहाऐंशीची संक्रांत आली. मैदानात महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, मांडवाच्या खांबावर मी होतो आणि शेवटी ताईंना अध्यक्ष म्हणून जाहीर करायचं होतं. तिला ते पद फार हवं होतं. चार दिवस ती आरशापुढे भाषण म्हणत होती.

मंडळाच्या चारुलतावहिनी एकेकीपुढे माइक धरून उखाणा घ्यायला लावत होत्या. सवयीनं त्यांनी तो ताईंपुढेही धरला.

"ताई, नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही हं!"

बायका हसल्या. मागे चहाचे ट्रे घेऊन उभे असलेले नवरे मात्र एकदम कप मोजू लागले. ताई कोणाचं नाव घेणार? वहिनींचे यजमान नंदकुमार घाम पुसत माझी वायर शोधू लागले. पुतळाबाईनं नवऱ्यांची ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिली. खरं सांगतो, मला गंमत वाटत होती.

पण तिची नजर पुढे सरकली. मांडवाच्या कडेला मोना कप विसळत होती. विधवेला कुंकू कोण लावणार?

"चांदीच्या ताटात तिळगुळाची रास,
मोनाचं नाव घेते, तिच्या जिवावर खाल्ला मी घास."

कोणी टाळी वाजवली नाही. मोना ओले हात पदराला पुसत माइकपाशी आली.

"बाई, मोना तुमी ठेवलं. बारा वर्सांत माझं नाव तुमी इचारलं न्हाई. सरस्वती हाय माझं नाव."

पुतळाबाईचा चेहरा पडला. पाण्याच्या साहेबाला घाम फोडणारी बाई, पण तिनं मान खाली घातली. मग तिनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि उखाणा पहिल्यापासून पुन्हा घेतला. या वेळी सरस्वतीचं नाव घेऊन.

अध्यक्षपद जाहीर झालंच नाही. महिनाभरात सरस्वती आपल्या गावी निघून गेली. तिनं बाईला माफ केलं का, मला माहीत नाही.

आता मंडळाकडे नवे स्पीकर आलेत. मी जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांत पडलोय आणि उद्या भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही. फक्त त्याच्या आधी एकदा मला वीज द्या. ज्या आवाजात तिचं रडणं दाबलं, त्याच आवाजात मला एकदा म्हणायचंय: सरस्वती.