गोदी रडेपर्यंत

दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजला की तेलगावच्या सरकी काढायच्या जिनमधल्या बायका अंगावरचा कापूसही न झटकता लिंबाकडं धावायच्या. कुंपणालगत दोन थोराड लिंब होते. त्यांच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या सात झोळ्या टांगलेल्या असायच्या आणि सातही झोळ्यांत सकाळपासून निजलेली तान्ही पोरं. त्यांची थोरली भावंडं खाली मातीत बसून असायची.

भिवराबाईही धावतच निघाली. पण झोळी नजरेला पडली तशी ती थबकली. गोदी आठ महिन्यांची. आईची चाहूल लागताच पाय झाडून झोळी हलवायची. आज झोळी हलत नव्हती.

तिनं आत हात घातला. अंग ऊन लागलं, म्हणून एक श्वास घेतला. मग पोरीला उचललं, तर मान भिजल्या चिंधीसारखी हातावरून खाली लोंबली. ओठांच्या कडा जांभळट. भिवराबाईनं अंगठ्यानं एक पापणी वर केली. लिंबाची सावली दाट होती, तरी डोळ्याची बाहुली मोहरीएवढीच होती. तिनं तळहातानं आणखी अंधार केला. बाहुली तसूभरही मोठी झाली नाही.

असा डोळा तिनं याआधी एकदा पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी, याच लिंबाखाली, तिच्या पहिल्या पोराचा, किसनचा. तेव्हा सगळे म्हणाले होते, सटवाईनं लिहिलं तेवढंच आयुष्य. तिनंही मान हलवली होती आणि त्या डोळ्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नव्हता.

"वत्सले," तिनं जावेला हाक मारली, "आज पाण्याची पाळी तुजी हुती ना? गोदीला काय दिलंस?"

"का गं?" वत्सलाबाई आपल्या पोराला पाजायला बसली होती. "चुळबुळ करत हुती, म्हणून बोट चाटवलं. तू सकाळी दिलं न्हवतं का?"

"दिलं हुतं."

वत्सलाबाईचा हात तोंडावर गेला.

बोट चाटवायचं ते अफूचं. जिनमध्ये पोराचं रडं ऐकू आलं की त्याच्या आईला दुसऱ्या दिवसापासून काम नाही, असा बबनराव मुकादमाचा नियम होता. म्हणून घरून निघतानाच मोहरीएवढी अफू दुधात कालवून प्रत्येक आई आपल्या पोराला चाटवायची. उन्हं वर आल्यावर एकेका बाईला पाळीनं पाणी प्यायला सोडायचे. जिची पाळी असेल तिनं सगळ्या झोळ्यांना झोका द्यायचा आणि जे पोर कुरकुरेल त्याच्या तोंडात आपल्या डबीतल्या अफूचं बोट घालायचं, अशी बायकांची आपसातली रीत होती. एकमेकींच्या पोरांना त्या अशाच जपायच्या.

अंगण झाडणारी कडूबाई हातातला झाडू टाकून आली. जिनवर येण्याआधी ती गावात सुईणपण करायची. तिनं गोदीच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "जीव हाय. पण लई सावकाश चाललाय. भिवरे, तळपाय चोळ. थांबू नगंस. वत्सले, रडू नको, पाणी आण."

भिवराबाई तळपाय चोळू लागली. चोळता चोळता ती मोजत होती. तिचे आपले चार श्वास झाले की गोदीचा एक व्हायचा. थोड्या वेळानं पाच झाले. मग सहा झाले, सात झाले, आणि पोरीची छाती हललीच नाही.

"मावशे!"

कडूबाईनं पोरीचं नाक-तोंड आपल्या तोंडात धरलं आणि गालातल्या गालात धरलेली एवढीशी फुंकर घातली. न रडणाऱ्या नवजात पोराला घालतात तशी. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा फुंकर. चौथ्या फुंकरीनंतर गोदीनं आपणहून एक श्वास ओढला.

तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. कुणी उठली नाही.

"काय गं बायांनो," फाटकातून बबनराव ओरडला, "लिंबाखाली बारसं हाय का आज? चला, आटपा!"

"बारसं न्हाई, मुकादम," कडूबाई मान वर न करता म्हणाली. "तिरडी निघू नये म्हणून बसलोत."

"तू तर उठ. आंगण कोण झाडील, तुजा बाप?"

"बाप मेला माजा. तुमीच झाडा आजच्या दिस."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कडूबाईला झाडायला नेलं तर फुंकर कोण घालणार? भिवराबाईनं कडूबाईच्या लुगड्याचा काठ आपल्या पायाखाली दाबून धरला आणि मोजत राहिली. सहा. पाच. सहा.

आत यंत्रं रिकामी फिरू लागली तसा त्यांचा आवाज बदलला. तो ऐकून मालक मोहनराव कचेरीतून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पोरीकडं पाहिलं, सगळं विचारून घेतलं आणि घटकाभर विचार करून म्हणाले, "दोनदा दिली गेली, एवढंच ना? मग सोपं हाय. ज्या पोराला दिली त्याच्या झोळीला तांबडी चिंधी बांधत जा. म्हंजे दुसरी बाई देणारच न्हाई."

दोघीतिघींनी माना डोलावल्या. बोलणं शहाणपणाचं होतं. म्हणूनच भिवराबाई भ्याली. आता सगळ्या उठतील, चिंधी बांधतील, आणि लिंबाखाली पुन्हा कुणी उरणार नाही.

"मालक, चिंधीला दिसत न्हाई," ती म्हणाली. "चिंधी श्वास मोजत न्हाई."

"अगं, पण दोनदा—"

"माज्या किसनला दोनदा दिली न्हवती कुणी. मी एकदाच दिली. माज्या हातानं. त्याला आदल्या दिवशी ताप हुता, दूध पीत न्हवता. तरी दिली, रडला तर काम जाईल म्हणून. त्याचा डोळा असाच झालता. मला ठाऊक हुतं, अन् मी सटवाईवर घातलं."

वत्सलाबाईनं आपल्या पोराला छातीशी घट्ट धरलं.

"कडूमावशीला झाडण्यावरून काढा अन् हितं बसवा," भिवराबाई तळपाय चोळत म्हणाली. "अफू बंद. पोरं जागी राहू द्या. रडली तर ती बघंल, आमाला हाक मारंल, आमी येऊन पाजू. थोरली पोरं आताबी तिच्यामागं फिरून सरकी मोजायला शिकत्यात. आमाला न्हाई कुणी शिकवलं."

"आणि रडं ऐकून बायांचे हात यंत्रात गेले म्हंजे?" बबनराव म्हणाला. "ही कडूबाई यंत्रावर हुती, इचीच बोटं गेली ना तशी? नियम उगा केला का मी?"

कडूबाईनं उजवा हात वर केला. त्याला तीनच बोटं होती.

"नातू रडला म्हणून न्हाई गेली बोटं, मुकादम. त्याच्यापाशी कुणी न्हाई हे ठाऊक हुतं, म्हणून मी वळून बघितलं. कुणी असतं, तर कशाला बघितलं असतं?"

मोहनराव त्या हाताकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "बघू. आधी पोर उठू दे."

"पोर उठंस्तोवर आमी हितंच हाव," वत्सलाबाई म्हणाली आणि मालकाच्या पुढ्यात मांडी घालून बसली. तिच्यामागं बाकीच्या बसल्या.

लिंबाची सावली कुंपणाकडं सरकली. कडूबाईनं आणखी दोनदा फुंकर घातली. भिवराबाईचे हात बधिर झाले होते. मोजणी तेवढी चालू होती. पाच. पाच. चार. तीन.

गोदीच्या कपाळावर बारीक आठी पडली. ओठ वाकडे झाले. मग घशातून मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला, आणि ती रडली.

त्यासरशी वत्सलाबाईचा हात सवयीनं कनवटीच्या डबीकडं गेला. तिनं आपलाच हात पाहिला, डबी काढली आणि कुंपणापलीकडं भिरकावली.

मोहनरावांनी खाली पडलेला झाडू उचलला आणि बबनरावाच्या हातात दिला. "कडूबाई हितंच बसंल," ते म्हणाले. "आज तू घरी जा, भिवराबाई. पोरीला निजू देऊ नको."

तिसऱ्या दिवशी भिवराबाई कामावर आली. यंत्राच्या खडखडाटातून गोदीचं रडं अधूनमधून ऐकू येई आणि तिचे हात सरळ चालत. रडं थांबलं की मात्र ते गार पडत. अशा वेळी ती वळून बघत नसे. समोरच्या कापसावर नजर ठेवून ती कान टवकारी. लिंबाखालून पोरांबरोबर सरकी मोजणारा कडूबाईचा आवाज येई: सात, आठ, नऊ. तो ऐकू आला की भिवराबाई पुढचा कापूस यंत्रात सारी, आणि गोदीच्या रडण्याची वाट पाहत राही.