टेप लोड होईपर्यंत

जीपचा डायनॅमो मुखेड सोडल्यावर गेला आणि दिवस तिथूनच फिरला. रेवणसिद्ध सरांनी दोनदा उतरून बॉनेट उघडलं, हात कोपरापर्यंत काळे केले आणि शेवटी मागे बसलेल्या भुजंगला म्हणाले, "आता बॅटरीत जेवढं आहे तेवढंच आपलं. नवीन भरणार नाही."

भुजंगच्या मांडीवर कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, एक जाडसर कीबोर्ड. टीव्ही जोडला की अक्षरं दिसायची, टेपरेकॉर्डर जोडला की कॅसेटवरून प्रोग्रॅम आत जायचा. तिन्हींना वीज लागायची, आणि कौठाळीचा ट्रान्सफॉर्मर जळून महिना उलटला होता. सगळी भिस्त जीपच्या त्या म्हाताऱ्या बॅटरीवर.

सर नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. भुजंग त्यांचा विद्यार्थी, आता त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला. कौठाळी त्याचं गाव. गाव म्हणायचं ते जनगणनेपुरतं. त्याचं घर गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत होतं. विहिरीत टँकर रिकामा झाला की आधी गाव भरायचं, मग गढूळ उरेल ते वस्ती. कुणी शिवी देत नसे की हात उगारत नसे. अशीच रीत आहे म्हणायचे आणि बायका गप उभ्या राहायच्या.

कौठाळी नांदेड जिल्ह्याच्या अगदी काठावर. ओढ्यापलीकडचा मुलूख चार वर्षांपूर्वी नव्या लातूर जिल्ह्यात गेला, तेव्हापासून तिकडे नवे साहेब, नव्या जीपा, नवी बोअरची गाडी. इकडे धूळ. मिनतवाऱ्या करून करून ती बोअरची गाडी पलीकडे जाता जाता एक दिवस इथे थांबायला तयार झाली होती. बोअर एकच मारायचा, दोनशे फुटांच्या खाली जायचं नाही, आणि ऊन कलायच्या आत निघायचं.

एकच बोअर, आणि जागा दोन. एक मारुतीच्या पारामागे, दुसरी वस्तीच्या पाठच्या माळावर. गावाने बोलावलं तेव्हा दगडोबा पाणाड्याने हातावर नारळ ठेवून पारामागे पाणी दाखवलं आणि वस्तीने बोलावलं तेव्हा माळावर. माणूस मोठा गुणी, कुणाला नाराज करत नसे. म्हणून सरपंच व्यंकटराव पाटलांनीच सरांना बोलावून घेतलं. मशीन सांगेल तिथे बोअर, असं त्यांनी चारचौघांत कबूल केलं होतं.

सकाळी दोन्ही जागी लोखंडी सळ्या ठोकून, जमिनीतून करंट सोडून सरांनी मोजमापं घेतली. त्यावरून खाली काय आहे ते हाताने काढायचं तर दोन दिवस जातात. कॉम्प्युटर घटकाभरात काढायचा. फक्त आधी त्याच्यात प्रोग्रॅम जायला हवा, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

कॅसेटवर प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात असतो. आखूड आवाज म्हणजे शून्य, लांब आवाज म्हणजे एक, आणि मशीन एकेक ऐकत बसतं. कंपनीने हे आवाज ऐसपैस ठेवले होते, टेपरेकॉर्डर कसाही असो, चूक होऊ नये म्हणून. त्यामुळे प्रोग्रॅम आत जायला चांगली बारा मिनिटं लागायची. नांदेडला तेवढ्यात लाईट जायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या छळाला कंटाळून भुजंगने एक छोटासा लोडर लिहिला. तो आधी आत जायचा आणि मग बाकीचा प्रोग्रॅम आखडलेल्या, घाईच्या आवाजात भराभर ऐकून घ्यायचा. बाराचं काम तीनवर आलं. कॉलेजात पोरं त्याला 'भुजंगची घाई' म्हणायची आणि तो मनातून फुगायचा.

पण घाईला एक खोट होती. आवाज इतके आखडले की आखूड आणि लांब यांच्यात फरकच थोडा उरला. टेप जराशी रेंगाळली तरी आखूड आवाज लांब वाटायचा आणि सगळा घोटाळा.

पाराजवळ खाटेवर सामान मांडलं. भर उन्हात टीव्ही दिसेना, तेव्हा भुजंगची माय गुणाबाई घरून वाकळ घेऊन आली. ती टीव्हीवर आणि भुजंगच्या डोक्यावर पांघरून कड धरून उभी राहिली. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला वस्ती, मध्ये बोअरच्या गाडीला टेकून वीरण्णा. तो बिदरकडचा, गाडीचा मालक आणि ड्रायव्हर दोन्ही.

"हेळ्री सर, सांगा की, कुठं मारू? मला उद्या अहमदपूर हाय."

"थांबा थोडं," सर म्हणाले.

टेप सुरू झाली. वाकळीखाली भट्टी पेटल्यासारखं गरम. लोडर आत गेला, घाईचे आवाज सुरू झाले, आणि मध्येच टीव्हीवरचं चित्र आक्रसून मंद झालं. मशीन अडकलं. भुजंगने पुन्हा सुरुवात केली. या वेळी आणखी लवकर अडकलं.

"काय झालं?" सरांनी वाकळीबाहेरून विचारलं.

"बॅटरी बसून राहिली सर. टेप हळू फिरते. माझ्या लोडरला समजेना."

"मग कंपनीची टेप लाव. सावकाश जाईल पण जाईल तरी."

"बारा मिनिटं बॅटरी टिकायची न्हाई."

वीरण्णाच्या बॅटरीची गोष्ट निघाली तर त्याने कानाला हात लावले. त्याची गाडी इथे बंद पडली तर ढकलायला हत्ती आणावे लागतील म्हणे. गावाकडच्या बाजूने कुणीतरी हसून बोललं, "वस्तीतलं मशीन हाय, वस्तीत पाणी निघंपर्यंत अडकणारच ते." भुजंगची कानशिलं तापली. चूक झाली तर ती मशीनची नसणार, त्याची असणार, हे त्याला पक्कं कळलं.

त्याने टीव्हीची वायर उपसली.

सगळ्यांत जास्त वीज टीव्हीच खात होता. त्याच्याशिवाय टेप थोडी सावरली, पण नेहमीचा सूर लागेना. तो सूर त्याने शेकडो वेळा ऐकला होता, आणि आजचा त्याहून खाली उतरलेला होता. लोडरमध्ये एक आकडा होता, कुठपर्यंतच्या आवाजाला आखूड म्हणायचं तो. तो वाढवायला हवा होता. किती, हे सांगणारं कुणी नव्हतं. लोडर आत गेल्यावर त्याने टेप थांबवली, न दिसणाऱ्या पडद्यावर बोटांच्या सवयीने नवा आकडा टाकला आणि टेप सोडली.

कर्कश आवाज पारावर घुमू लागला. भुजंग डोळे मिटून ऐकत होता. प्रोग्रॅम आत जातोय की नुसता गोंगाट, काही कळायला मार्ग नव्हता. आवाज थांबला.

"सर, मापं सांगा. हळू सांगा."

सरांनी एकेक माप वाचलं, भुजंगने ते मोठ्याने म्हणत आंधळेपणाने टाकलं. एक बोट चुकलं असतं तर सगळं मुसळ केरात. शेवटचं माप टाकून तो हात मांडीवर ठेवून बसला. मशीनला हिशेब करायला वेळ हवा होता. वीरण्णाने इंजिन चालू केलं होतं, निघायच्या तयारीने.

"लाव आता टीव्ही," सर म्हणाले. ते जीपपाशी बॅटरीच्या वायरी हाताने दाबून धरून बसले होते.

भुजंग वाकळीखाली शिरला. गुणाबाईने कड उचलून आपलंही डोकं आत घातलं. टीव्ही पेटला, थरथरला, आणि आकडे आले. ठीक आले होते, दोन्ही जागांचे. भुजंगने ते वाचले, आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

"काय आलं रं?" गुणाबाई कुजबुजली.

"पारामागं. सत्तर फुटावर, लई पाणी."

"आन् आपल्यात?"

"हाय, पण पार खाली, दोनशेला टेकून. पातळ थर."

"आपल्या घरांना पुरंल?"

"आपल्याला पुरंल. समद्या गावाला न्हाई."

अंधारात तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता.

"मंग आपल्यातच सांग. तुझ्याबिगर कोण बघून राहिलंय?"

हे भुजंगलाही सुचलं होतं. एक शब्द, आणि वस्तीच्या दारात पाणी. त्याची माय पुन्हा कधी कुणाच्या मागे उभी राहिली नसती. सरांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असता, कुणालाच कधी कळलं नसतं. आणि गावातली लेकरं? त्यांनीही टँकरची वाट बघूनच जीभ कोरडी केली होती. पण त्या गावाने कधी त्याच्या मायचा विचार केला होता का? त्याला दोन्हीकडचा राग आला, स्वतःचाही आला. मशीनने खोटं ऐकू नये म्हणून तो दुपारभर घामाने भिजला होता. आता तेच ऐकलेलं तोंडाने फिरवायचं त्याला जमेना, बस्स, जमेना.

तो वाकळीबाहेर आला. "पारामागं," तो म्हणाला.

गावाने एकच गिल्ला केला. वस्तीतला म्हातारा केरबा त्याच्याकडे बघत म्हणाला, "शिकून बी पाटलाचाच झालास की रं." गुणाबाईने वाकळीची घडी घातली आणि पोराकडे न बघता ती वस्तीच्या वाटेला लागली. तिने निदान शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं भुजंगला वाटलं.

बोअर सुरू झाला. आधी पांढरी धूळ उडाली, मग ओला चिखल, आणि मग पाणी असं उसळलं की वीरण्णाही टोपी काढून नाचला. व्यंकटरावांनी सरांना हार घातला. पोरं चिखलात लोळली. भुजंग जीपच्या पायरीवर बसून होता. आनंद त्याला कुठेच सापडत नव्हता.

बोअरच्या तोंडाशी लावलेल्या पन्हळीखाली पहिली घागर लागली ती पाटलीणबाई सरजाबाईंची. मागे गावातल्या बायकांची रांग. आणि वस्तीच्या वाटेने गुणाबाई आली, काखेत घागर, मागे वस्तीतल्या बाया बिचकत. ती रांगेच्या शेवटाला गेली नाही. सरळ पन्हळीपाशी आली.

"थांब गुणाबाई," व्यंकटराव म्हणाले. रागाने नाही, नेहमीच्या सवयीने. "आधी गावाचं भरू दे, मग तुमचंच हाय."

"पाटील, पाणी आमच्यात बी हुतं," गुणाबाई म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. "आमच्यापुरतं हुतं. वाकळीखाली माझ्या लेकानं एकट्यानं बघितलं. मी त्याला म्हनलं, आपल्यात सांग, कोण बघून राहिलंय. त्यानं न्हाई ऐकलं माझं. आता तुमी सांगा, आधी कोण."

व्यंकटरावांनी भुजंगकडे पाहिलं. "खरं हाय का रे?"

"हाव," भुजंग म्हणाला.

व्यंकटरावांनी सरांकडे पाहिलं, सर खाली बघत होते. तेवढ्यात सरजाबाईंनी वाकून आपली अर्धी भरलेली घागर पन्हळीखालून बाजूला ओढली. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गुणाबाईने घागर लावली. ती काठोकाठ भरेपर्यंत कुणी हललं नाही. मग तिने जीपकडे मान वळवून हाक मारली, "भुजंग, बसलास काय? ये, हात लाव."

भुजंग उठला. डोळ्यांतलं पाणी त्याने लपवलं नाही. त्याने घागर उचलून मायच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्या मागच्या वस्तीतल्या बाईला वाट दिली.