एक मिलिमीटरची चकती

पुठ्ठा जमिनीवर टाकून ती पिकअपखाली सरकली. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग कंबर. बाहेर राहिले फक्त बूट, टाचांशी झिजलेले. आतून एक हात बाहेर आला.

"टॉर्च."

त्याने टॉर्च हातात ठेवला.

"गाडीच्या बॅटरीची वायर काढलीस?"

"सकाळीच काढली."

"तारेचा ब्रश."

ब्रश त्याने आधीच हातात धरून ठेवला होता. ती काय मागणार हे त्याला अजूनही आधी कळत होतं, आणि तेवढ्यानेही त्याला बरं वाटलं.

शेड एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे होती. गाड्यांची हौस असलेल्या तीन-चार जणांनी मिळून ती भाड्याने घेतली होती. आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करायच्या आणि रविवारी इथे येऊन हात काळे करायचे. पलीकडच्या कोपऱ्यात टेपमास्तर आपल्या गाडीच्या टपावरचा कॅरियर घासत बसला होता. तो एका शाळेत कारकून होता, पण त्याच्या खिशात पेनऐवजी मोजायचा टेप असायचा, आणि चहाचा पेला ठेवायचा तरी तो टेबलाच्या कडेपासून मोजून ठेवेल अशी त्याची ख्याती होती.

"वहिनी, चहा सांगू का?" तो तिकडून ओरडला, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... मॅडम."

गाडीखालून आवाज आला, "वहिनीच म्हण. नवीन काही शोधायला आता उशीर झाला."

टेपमास्तरने त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि उगाच एक पाना पुसायला घेतला.

तो दातांचा डॉक्टर. बारा वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकायला म्हणून गेला, तेव्हा शिकवायला ती होती. पहिल्याच दिवशी त्याने पत्र्याची चाळण केली. "एक दात किडला म्हणून अख्खा जबडा जाळायचा नसतो, डॉक्टर," ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. वर्षभराने त्यांनी लग्न केलं. घरात धड कपाट यायच्या आधी त्यांनी भंगारातून ही पिकअप आणली. इंजिन नव्हतं, हौद्यात गवत उगवलं होतं. चार वर्षांच्या सुट्ट्या तिच्यात गेल्या. इंजिन त्याने जुळवलं, हौदा तिने नव्याने बांधला, आणि तो एक वीत जास्त लांब ठेवला. कुठेतरी दूर जाऊन, उघड्या आभाळाखाली, पाय ताणून झोपता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. ते झोपणं मात्र राहून गेलं.

मग तिला दुसऱ्या गावच्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा मिळाली. त्याचा दवाखाना नुकताच कुठे चालायला लागला होता. "काय करू?" असं तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "तुला वाटतं ते कर." आपण फार समजूतदारपणे बोललो असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आधी दर शनिवारी ती येई, मग महिन्यातून एकदा, मग फोन. सहा वर्षं झाली. मधे कधीतरी घटस्फोटाचे कागदही झाले. भांडण नव्हतंच, त्यामुळे वेळही लागला नाही. गेल्या दोन वर्षांत तर भेटसुद्धा नव्हती.

बुधवारी रात्री त्याने फोन केला. चासीला तडा गेलाय, म्हणाला. टेपमास्तर करायला तयार आहे, पण चासीचं काम आहे, त्याच्यावर कसं सोपवणार.

"रविवारी येते," ती म्हणाली. "तोवर चालवू नकोस."

आता गाडीखाली ब्रशचा खरखराट थांबला होता. गंज आणि मातीचा चुरा तिच्या बुटांशी साचला होता. टॉर्चचा उजेड एका जागी गेला, तिथून थोडा पुढे सरकला, परत मागे आला. मग बराच वेळ हललाच नाही.

"कधी लक्षात आलं?" तिने विचारलं.

"मंगळवारी. खड्ड्यात आदळली होती. कर्र असा आवाज आला."

"कर्र असा."

"हो."

तिने हातमोजा काढून बाजूला टाकल्याचं त्याला दिसलं. ती उघड्या बोटाने कड चाचपून पाहत असणार. वर्गात तिने हेच शिकवलं होतं: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोटाला विचारा. तडा वाकडातिकडा जातो. जिथे संपतो तिथे केसासारखा बारीक होतो, म्हणून आधी त्याचं टोक शोधायचं, तिथे भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही.

हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही बुधवारी दुपारी पेशंटना निरोप देऊन, दवाखान्याला कुलूप लावून तो इथे आला होता. शेडमध्ये कोणी नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं, ते करायला त्याला तासभर लागला, कारण कापायची चकती लावलेला ग्राइंडर तीनदा सुरू करून त्याने तीनदा बंद केला होता.

"डॉक्टर," ती आतून म्हणाली. आवाज टेपमास्तरपर्यंत जाणार नाही इतका हळू होता.

"हं?"

"चकती कितीची होती?"

त्याच्या हातातला पाना पुसून लख्ख झाला होता. तो त्याने खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. पलीकडे टेपमास्तरच्या सँडपेपरचा आवाज येत होता, घास, घास, घास.

"एक मिलिमीटरची," तो म्हणाला.

बूट थोडे हलले. ती रागाने बाहेर येईल, बॅग उचलेल आणि दुपारच्या गाडीने निघून जाईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला तोंड उघडायला जागा राहिली नसती. चारशे लोकांचे दात राखणारा माणूस, आणि आपल्याच गाडीचा कणा त्याने कापला होता.

"मास्क दे," ती म्हणाली. "आणि रॉड. सुके आहेत ना?"

"ओव्हनमधून काढलेत."

"तिकडे बघ."

त्याने तोंड फिरवलं. भिंतीवर निळापांढरा उजेड थरथरू लागला. त्याचं स्वतःचं वेल्डिंग नेहमी अडखळत बोलायचं. तिचा आवाज मात्र सलग होता, एका श्वासात वाचलेल्या लांब वाक्यासारखा. जळक्या लोखंडाचा वास शेडभर पसरला. तो भिंतीकडे पाहत उभा राहिला आणि ते वाक्य संपू नये असं त्याला वाटत राहिलं.

ते संपलं. हातोडीने तिने सांध्यावरची मळी ठोकून काढली. मग ती बाहेर सरकली, कागदावर एक आकार काढला आणि त्याच्यापुढे धरला. पत्त्यातल्या चौकटीसारखी एक पट्टी होती.

"सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून काप. वरून वेल्ड करायची आहे."

"सांधा तर भरला ना?"

"भरला. पण मला त्यावर भागवायचं नाही." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "काप. तू सरळ कापतोस, दिसलंय मला."

तो खाली मान घालून पट्टी कापायला बसला. टेपमास्तर आला, त्याने पट्टी चारही बाजूंनी मोजली, समाधानाने मान हलवली आणि चहा आणायला निघून गेला. काय चाललंय ते त्याला कळलं असावं किंवा नसावं. पण चहाच्या टपरीला जाताना त्याने लांबचा रस्ता धरला.

पट्टी बसली. तिच्या चारही कडा तिने सावकाश, घाई न करता भरल्या. गाडीखालून बाहेर आली तेव्हा मास्कच्या कडेची काळी रेघ तिच्या गालावर उमटली होती, आणि केसांत मागे पांढरं बरंच दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी एवढं नव्हतं.

"आता इथे काही होणार नाही," ती म्हणाली. "गाडी मोडीत निघेल, पण या जागी तुटायची नाही."

"बरं."

"या कामासाठी मला परत बोलवावं लागणार नाही."

"कळलं," तो म्हणाला.

त्याने वाकून रॉडची उरलेली थोटकं एकेक करून गोळा केली आणि डब्यात टाकली. डबा भरला तरी तो तसाच बसून राहिला. एवढं पक्कं काम तिने कधी कोणाचं केलं नसेल. ती नळावर गेली, हात धुतले, ओंजळीने पाणी प्यायली आणि एकदम थांबली. तिने गालावर तळहात दाबून धरला होता आणि डोळे मिटले होते.

"काय झालं?"

"काही नाही. गार पाणी." तिने गालावरचा हात काढला. "खालची दाढ. डावीकडची. कळ थेट कानात जाते."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"चार महिने!" तो उठून उभा राहिला. "तिकडे डॉक्टर नाहीत का?"

"आहेत की. माझ्या घराखालीच दवाखाना आहे. जाता-येता रोज पाटी वाचते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती नळाची तोटी घट्ट करत होती. ती गळत नव्हती.

त्याने साबणाने हात धुतले. नखांतलं काळं निघेना म्हणून पुन्हा धुतले. एक स्टूल उन्हात ओढलं, तिला बसवलं आणि दोन बोटांनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"तोंड उघड."

तिने उघडलं. दाढ खोलवर किडली होती. एवढं दुखणं घेऊन ती पहाटेची गाडी पकडून इथवर आली होती, आणि उताणी पडून दोन तास काम करत राहिली होती. त्याने लगेच हात काढला नाही.

"हे आज एका दमात व्हायचं नाही," तो म्हणाला. "तीन वेळा तरी यावं लागेल तुला."

तोंड उघडं असल्यामुळे तिला बोलता येईना. तिने हात वर केला, तीन बोटं दाखवली आणि मग, क्षणभर थांबून, चौथं उघडलं.