आबांचा पट्टा आणि इंदिराबाईंचे पोट

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. हर्नियासाठी कमरेला बांधतात ना, तसला रुंद, जाड, ताणणारा. गोड गोष्टीच्या आशेने बसला असाल तर आधीच सांगतो, मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

भुसावळच्या औषधाच्या दुकानातून मला सावद्याच्या उखर्डूआबांनी आणले. केळीचे घड वाहून वाहून त्यांच्या जांघेत आतडे उतरले होते. ऑपरेशनची भीती, म्हणून आधी मी. मी माझे काम चोख केले. पुढे ऑपरेशन झालेच आणि आबा खडखडीत बरे झाले. पण नाव झाले माझे. "या पट्ट्यानं मले वाचवलं," असे ते आल्यागेल्याला सांगत.

कौतुक झाले की वस्तूचा जीव जातो. गल्लीत कुणाची कंबर धरली, न्या आबांचा पट्टा. कुणी बाळंत झाली, न्या आबांचा पट्टा. मला धुऊन परत द्यायची रीत सगळ्यांनी पाळली. डॉक्टरला विचारायची रीत कुणालाच नव्हती.

मग आबांच्या सुनेची, इंदिराबाईंची पाळी आली. त्यांची छाती बरीच वर्षे जळत होती. आडवे झाले की आंबट पाणी तोंडात यायचे, खोकल्याची उबळ यायची. हिवाळ्यात मळ्यात वांग्याच्या भरताची पंगत बसे. घरदार तेलाची तर्री ओरपून ढेकर देई, आणि ही बाई सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खाऊन लगेच अंथरुणाला पाठ टेकवी. जळजळले की चिमूटभर सोडा. घरातल्या एकालाही वाटले नाही की हिला आधी वाढावे. त्या सोड्याच्या डबीचाही मला राग येतो.

शेवटी मुलाने, नवीनने, त्यांना जळगावला नेले. डॉक्टर मृणाली यांनी दुर्बिणीने तपासले आणि नीट समजावले. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्यातल्या भोकातून जठराचा वरचा भाग छातीत सरकला होता. आम्ल वर येऊन अन्ननलिकेत जखमा झाल्या होत्या. गोळ्या रोज घ्या, लवकर जेवा, वाकून कामे करू नका, पोटावर घट्ट काही बांधू नका. एवढे सगळे सांगितले.

घरी आल्यावर आबांना त्यातले एकच ऐकू आले.

"वर सरकलं ना ते? मंग खालून आवयून बांधलं तं जाईन कुठी?"

नवीन म्हणाला, "आबा, डॉक्टर नको म्हणल्या."

"डॉक्टरीन कालची पोरगी. मले इचार."

शिकलेला मुलगा, पण आजोबांपुढे शेपूट घातले. नवरा वारल्यापासून इंदिराबाईंनी सासऱ्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्यांनी मला लुगड्याखाली बांधले.

मित्रांनो, कणकेचा गोळा मुठीत दाबून पाहा. तो वरच येतो. मला सगळे कळत होते आणि मला तोंड नव्हते. मी आवळत होतो, ते बिचारे जठर वर वर जात होते. "आबा, बांधलं की छातीत जास्त जयते," असे त्या एकदा म्हणाल्या. "सवय व्हईन," असे उत्तर आले.

सवय झाली नाही. भाकरी छातीत अडकू लागली, कारण जखमा भरता भरता अन्ननलिका आखडली होती. त्या वरणाच्या पाण्यावर राहू लागल्या, पांढऱ्याफटक पडल्या. एका सकाळी काळपट रक्ताची उलटी झाली आणि त्या ओट्यावर कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टर मृणालींनी मला पाहिले. "हा कोणी बांधला?"

"आबांनी बांधायला लावला," नवीन म्हणाला.

"आणि तुम्ही काय करत होतात?"

एवढे तरी कुणी विचारले. मला बरे वाटले.

रक्त चढवले. आखडलेली नळी हळूहळू रुंद केली. मग दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. जठर खाली ओढले, पडद्याचे भोक टाक्यांनी लहान केले आणि जठराचाच वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवला, म्हणजे आम्ल वर येऊ नये. बांधायचे होते ते तिथे, आत, जाणत्या हातांनी.

इंदिराबाई वाचल्या. आबांनी मात्र मला धुतले आणि पुन्हा खुंटीला टांगले. म्हणाले, "हिच्या अंगाले मानवला नाही, बस."

महिनाभरात शेजारच्या सुगंधाबाई दारात आल्या. "आबा, माह्या सुनेच्या छातीत लय आग पडते. पट्टा देता का?"

आबांनी बसल्या जागेवरून खुंटीकडे हात नेला. भाजी चिरत बसलेल्या इंदिराबाई उठल्या, त्यांनी आबांच्या आधी मला उचलले आणि परत बसून पायाखालच्या विळीवर सासऱ्यांच्या देखत आडवे चिरले. मग दोन्ही तुकडे आबांच्या मांडीवर ठेवले.

"सुगंधाबाई, सुनेले घेऊन सकाळी या," त्या म्हणाल्या. "मी येते जयगावले तुमच्यासंगं."

मित्रांनो, विळी माझ्या अंगातून गेली तेव्हा मला राग आला नाही. पहिल्यांदाच कुणीतरी, मला न विचारता का होईना, माझ्या मनासारखे वागले होते. तुमच्याही घरात खुंटीला असा एखादा आबांचा पट्टा असेल. त्याला तोंड नाही. तुम्हाला आहे, ते उघडा.